वटहुकुमांचा पुनर्जन्म : एका जुन्या ग्रंथाचे परीक्षण

ज्या ग्रंथाविषयी आम्ही येथे लिहिणार आहो तो काव्य नव्हे, कादंबरी नव्हे, चरित्रही नव्हे. त्याला निबंध म्हणावे तर तेही पुरतेपणी साधत नाही. कारण त्यातील मुख्य ऐवज म्हणजे वटहुकुमांची नावे, ते प्रथम काढल्याच्या तारखा, आणि ते पुन्हा पुन्हा काढल्याच्या तारखा हा होय. डॉ. डी. सी. वाधवा यांचा हा इंग्रजी ग्रंथ पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेने १९८३ साली प्रसिद्ध केला. त्याचे नाव मराठीत सांगावयाचे झाल्यास ‘वटहुकुमांचे पुनःप्रख्यापन : भारतीय राज्यघटनेशी केलेले कपट’ असे काहीसे सांगावे लागेल. चाळीस वर्षांपूर्वीच्या, आणि तेही तारखांनी भरलेल्या, ग्रंथाचे परीक्षण आज कशाकरिता, असा प्रश्न आमच्या वाचकांस पडणे स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर असे की, राज्यघटनेविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यातील बहुतेक वाङ्मय दोन जातींचे असते. एक वकिलांच्या उपयोगाचे भाष्य, आणि दुसरी आरती. भाष्य वाचून कलमाचा अर्थ कळतो. आरती ऐकून अंतःकरण भरून येते. परंतु घटना ही वस्तू कशासाठी निर्माण केलेली आहे, आणि एखाद्या राज्याच्या कचेरीत सोमवारपासून शनिवारपर्यंत तिचे काय होते, हे या दोहोंतून कळत नाही. वाधवांचा ग्रंथ ह्या तिसऱ्या गोष्टीचा आहे. त्यात घटनेचे गुणगान नाही आणि शब्दच्छलही नाही. पाटण्याच्या सरकारी कारभारात एक कलम कसे राबविले गेले एवढेच त्यात पाहिले आहे. परंतु ते इतक्या चिकाटीने पाहिले आहे की, वाचणाराची झोप उडावी.

ग्रंथाची उत्पत्तीही मौजेची आहे. लेखक मूळचे अर्थशास्त्राचे अभ्यासक. बिहारातील जमीनविषयक कायद्यांचा अभ्यास करीत असता, ज्यांना आपण कायदे समजत होतो त्यांतील कित्येक कायदे नसून वटहुकूम आहेत असे त्यांच्या ध्यानी आले. मग जमिनीचा विषय बाजूस राहिला आणि ते बिहार सरकारच्या राजपत्रांच्या जुन्या अंकांमागे लागले. १९६७ ते १९८१ ह्या पंधरा वर्षांत काढलेले २५६ वटहुकूम असे निघाले की, जे पुन्हा पुन्हा काढून एक वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले होते. त्यांपैकी ६९ वटहुकूम राष्ट्रपतींची पूर्वसंमती घेऊन पुन्हा काढलेले होते. म्हणजे ही गोष्ट पाटण्यापुरती नव्हती, दिल्लीच्या दप्तरातही तिची नोंद होती. उसाचा पुरवठा व खरेदी ह्यांचे नियमन करणारा १९६८ सालचा वटहुकूम तेरा वर्षांहून अधिक काळ ह्याच रीतीने चालला. ज्या साली तो निघाला त्या साली जन्मलेले मूल तो संपेतो माध्यमिक शाळेत जाऊ लागले असेल. मध्यंतरी मंत्रिमंडळे आली, कोसळली, निरनिराळ्या पक्षांची सरकारे होऊन गेली, काही काळ राष्ट्रपतींची राजवटही झाली. उसाचा वटहुकूम मात्र सर्वांना पुरून उरला.

हे आकडे भयंकर का आहेत हे समजण्यासाठी वटहुकुमाचे स्थान आपल्या घटनेत काय आहे हे थोडे सांगणे अवश्य आहे. कायदा करण्याचा अधिकार घटनेने संसदेस व राज्यांच्या विधिमंडळांस दिला. परंतु विधिमंडळ काही बारा महिने बसत नाही. आणि ते बसलेले नसता एकाएकी काही करणे भाग पडले तर? त्यासाठी केंद्रात १२३ व्या कलमाने राष्ट्रपतींस आणि राज्यांत २१३ व्या कलमाने राज्यपालांस, अर्थात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, वटहुकूम काढण्याची मुभा ठेवली. अटी तीन. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसले पाहिजे. तात्काळ कृती करणे भाग आहे अशी खात्री झाली पाहिजे. आणि विधिमंडळ पुन्हा भरताच तो वटहुकूम त्याच्यापुढे ठेवला पाहिजे. ते भरल्यापासून सहा आठवडे गेले की वटहुकूम आपोआप मरतो; विधिमंडळाने नापसंतीचा ठराव केला तर त्याआधीच मरतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू द्यावयाचे नाही असाही घटनेचा दंडक आहे. तेव्हा हिशेब सरळ आहे. सहा महिने आणि सहा आठवडे, म्हणजे फार तर साडेसात महिने, हे वटहुकुमाचे पूर्णायुष्य होय. बिहारात त्यास तेरा वर्षे आयुष्य लाभले.

हा अधिकार आपणांस इंग्रजांकडून वारशाने मिळाला. १८६१ च्या कायद्याने गव्हर्नर जनरलला सहा महिन्यांपुरते वटहुकूम काढण्याचा अधिकार दिला गेला, आणि त्याचा उपयोग कसा होतो हे आपल्या मागल्या पिढ्यांनी पुरते पाहिले. १ मे १९३० रोजी लॉर्ड आयर्विन यांनी वटहुकूम काढूनच लाहोरच्या खटल्यासाठी तीन न्यायाधीशांचे खास न्यायमंडळ नेमले, त्याच्या निकालावर हायकोर्टात अपील ठेवले नाही, आणि वटहुकुमाची मुदत संपण्यापूर्वीच, ७ ऑक्टोबर रोजी, भगतसिंगादिकांस फाशीची शिक्षा सुनावली गेली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. परक्या सरकारचा तो जुलमी वटहुकूमसुद्धा आपली सहा महिन्यांची मर्यादा ओळखून होता. त्या मर्यादेत काम उरकण्यासाठी सरकारला घाई करावी लागली.

ह्या आठवणी ताज्या असल्यामुळे २३ मे १९४९ रोजी घटना समितीत हा विषय निघाला तेव्हा कित्येक सभासदांनी नापसंती दाखविली. प्रा. के. टी. शहा यांना हा अधिकार कायद्याच्या राज्याशी विसंगत वाटला. पंडित हृदयनाथ कुंझरू यांचा आग्रह असा की, वटहुकुमाचे आयुष्य फार आखूड असावे, म्हणजे सरकारला संसद लवकर बोलावणे भाग पडेल. डॉ. आंबेडकरांनी मसुद्याचे समर्थन केले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, जुन्या राजवटीत गव्हर्नर जनरलला स्वतःच्या मर्जीने, विधिमंडळ चालू असतासुद्धा, जे वटहुकूम काढता येत तसा अधिकार येथे कोणासही दिलेला नाही. हा केवळ अधिवेशनाबाहेरच्या काळासाठी आहे. आणि इंग्लंडातसुद्धा १९२० च्या आणीबाणीविषयक कायद्याने सरकारला असाच काही अधिकार दिलेला आहे.

आंबेडकरांविषयी आम्हांस जो आदर आहे तो येथे निराळा सांगण्याचे कारण नाही. तथापि ही तुलना पुरती जुळत नव्हती असे आमचे नम्र मत आहे. १९२० च्या त्या इंग्रजी कायद्याप्रमाणे आणीबाणीची घोषणा झाली आणि पार्लमेंट बसलेले नसले तर त्यास पाच दिवसांच्या आत बोलवावे लागे, आणि सरकारने केलेले नियम पार्लमेंटने ठराव करून उचलून धरले नाहीत तर ते सात दिवसांत गळून पडत. तेथे मोजमाप दिवसांचे होते. आपण ते महिन्यांचे केले. कुंझरूंची सूचना मान्य झाली असती तर पाटण्याचे पुढचे प्रकरण घडणे बरेच कठीण झाले असते. आणि येथे एक योगायोग नमूद करण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. कुंझरू हे भारत सेवक समाजाचे अध्यक्ष होते. आणि ज्या गोखले संस्थेने पुढे चौतीस वर्षांनी वाधवांचा ग्रंथ छापला ती १९३० साली ह्याच समाजाच्या छत्राखाली स्थापन झालेली. १९४९ साली जी शंका एका देशसेवकाने बोलून दाखविली तिचा पुरावा त्याच घरातून बाहेर पडला.

आता पाटण्यात काय चाले ते पाहू. विधिमंडळाचे अधिवेशन आटोपले की संसदीय कामकाज खात्याच्या विशेष सचिवाकडून सर्व खात्यांच्या प्रमुखांस एक परिपत्रक जाई. त्याचा मतलब असा : अधिवेशन समाप्त करून घेतलेले आहे, अमुक तारखेस सर्व वटहुकूम निष्प्रभ होतील, तरी विधी खात्याशी संधान बांधून ते त्यापूर्वी पुन्हा निघतील अशी तजवीज करावी. आणि त्यापुढे मोठी सोयीची सूचना अशी की, वटहुकूम आहे तसाच, काहीही फेरफार न करता काढावयाचा असेल तर त्यासाठी मंत्रिमंडळाची मंजुरी घेण्याचे कारण नाही. १९८१ च्या जुलैतील असे एक परिपत्रक पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नमुन्यादाखल आले आहे.

ह्या परिपत्रकावर आम्ही थोडे थांबू इच्छितो, कारण सगळ्या प्रकरणाचे मर्म त्यात आहे. घटना म्हणते की, तात्काळ कृतीची निकड आहे अशी राज्यपालांची खात्री पटली पाहिजे. परिपत्रक म्हणते की, सगळेच वटहुकूम काढा. प्रत्येकाची निकड निराळी तपासावयाची नाही. मंत्र्यांनीही पाहावयाचे नाही. कायदा करण्याचे जे काम घटनेने जनतेने निवडलेल्या शेकडो प्रतिनिधींकडे सोपविले ते हळूहळू घसरत मंत्र्यांकडे आले, आणि मंत्र्यांकडूनही घसरून एका सचिवाच्या टेबलावर येऊन पडले. कोणी बंड केले नाही, कोणी विधिमंडळास टाळे ठोकले नाही. एक कागद टंकलिखित झाला आणि वाटला गेला.

आमच्या वर्गात हा विषय चालू असता एका चुणचुणीत विद्यार्थ्याने विचारले की, सर, उसाचा कायदा चांगला असेल तर तो विधिमंडळाने केला काय आणि राज्यपालांनी काढला काय, शेतकऱ्यास फरक कोणता? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. अनेक सुशिक्षित गृहस्थ मनातल्या मनात हेच विचारीत असतात. ते विद्यार्थी नसल्यामुळे उघड विचारीत नाहीत, एवढेच. राज्यघटना कशासाठी असते ह्याचा निकाल वस्तुतः ह्या प्रश्नाच्या उत्तरावर आहे.

राज्यघटना म्हणजे सरकारास अधिकार देणारा लेख अशी एक समजूत आहे. परंतु अधिकार मिळविण्यासाठी सरकारास लेखाची गरज कधीच नव्हती; तलवार पुरत असे. लेख लागतो तो एक अधिकार दुसऱ्यापासून निराळा ठेवण्यासाठी. फ्रेंच ग्रंथकार माँतेस्क्यू याने १७४८ साली आपल्या ग्रंथात जे प्रतिपादिले त्याचे सार असे आहे की, कायदा करणारा आणि तो अंमलात आणणारा हात एकच झाला की प्रजेचे स्वातंत्र्य राहत नाही. मौज अशी की, हे तत्त्व त्याने इंग्लंडकडे पाहून बसविले आणि इंग्लंडातच ते पुढे तितकेसे खरे राहिले नाही. तेथे मंत्रिमंडळ पार्लमेंटमधूनच निघते आणि त्यातच बसते. आपणही तीच पद्धती उचलली. अमेरिकेत अध्यक्ष काँग्रेसच्या बाहेर असतो, त्यांच्यामध्ये भिंत आहे. आपल्याकडे विधिमंडळ आणि मंत्रिमंडळ एकाच छपराखाली नांदतात, आणि बहुमत बहुधा मंत्र्यांच्या खिशात असते. मग आपल्याकडे अधिकारांची विभागणी कोठे आहे? ती अधिवेशनात आहे. मंत्र्याने सभागृहात उभे राहून विधेयक मांडावयाचे, हेतू सांगावयाचा, कलमे एकामागून एक वाचावयाची, विरोधकांचे बोलणे ऐकून घ्यावयाचे, दुरुस्त्या पडावयाच्या किंवा स्वीकारावयाच्या, आणि हे सर्व वर्तमानपत्रांच्या बातमीदारांदेखत करावयाचे, एवढाच काय तो आपल्या येथील पडदा. बहुमतामुळे निकाल ठरलेला असेल. परंतु चंपारणातील ऊसकऱ्यांच्या प्रतिनिधीस उभे राहून, वजनात मार खाल्लेल्या शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागावी, असे विचारता येते, आणि मंत्र्यास त्याचे काहीतरी उत्तर द्यावे लागते. ते उत्तर नोंदले जाते. पुढे न्यायालयात, निवडणुकीत, चावडीवर त्याचा दाखला निघतो. वटहुकुमात ह्यातील काहीच घडत नाही. राजपत्राच्या एका अंकात तो निघतो आणि दुसऱ्या दिवसापासून तो पाळावयाचा असतो. आमच्या विद्यार्थ्यास फरक हवा होता तो हा.

आणि ज्याला आम्ही पडदा म्हटले त्याची दोरी कोणाच्या हाती आहे? अधिवेशन बोलावणे आणि समाप्त करणे हे राज्यपालांच्या नावाने होते खरे, पण मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. वटहुकूम अधिवेशन नसतानाच काढता येतो. आणि अधिवेशन नसावे की असावे हे, वटहुकूम काढणारेच ठरवितात. पहारेकऱ्याने झोपावे केव्हा हे घरात शिरणाराने ठरवावे तसा हा प्रकार आहे. घटनाकारांनी ही मुभा देताना ती वापरणाराच्या सचोटीवर भिस्त ठेवली. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांना ही भिस्त फोल ठरण्याची चिन्हे लवकरच दिसू लागली, आणि वटहुकुमांच्या ह्या सवयीबद्दल त्यांनी पंतप्रधान नेहरूंस लिहून नापसंती कळविली. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण १९ जुलैच्या वटहुकुमाने झाले. संसदेचे अधिवेशन अवघ्या दोन दिवसांवर, २१ जुलैला, होते. राष्ट्रीयीकरण बरे की वाईट हा प्रश्न निराळा. संसदेस दोन दिवस वाट पाहता आली नाही, हा प्रश्न येथे आमच्यापुढे आहे.

वाधवांनी ग्रंथ लिहून स्वस्थ न बसता १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज केला. त्यांच्याबरोबर आणखी तीन अर्जदार होते : जंगलातील मालाच्या वटहुकुमाने बाधलेला रांचीकडील एक रयत, इंटरमीजिएट शिक्षणविषयक वटहुकुमाने बाधलेला पाटण्याचा एक विद्यार्थी, आणि विटांच्या वटहुकुमाने बाधलेला एक वीटवाला. घटनेचे तत्त्व कोणत्या माणसांपर्यंत जाऊन पोचते हे सांगण्यास ही तीन नावे नसलेली माणसे पुरेशी आहेत. सरकारपक्षाने प्रथमच हरकत घेतली की, पुण्याच्या ह्या प्राध्यापकाचे यात काय गेले? सरन्यायाधीश भगवती यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांनी ती फेटाळली. घटनेस धरून केलेल्या कायद्यांनीच आपल्यावर राज्य व्हावे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा भाव. २० डिसेंबर १९८६ रोजी निकाल लागला. विधिमंडळास बाजूस सारून वटहुकुमांचे राज्य चालविणे हे घटनेशी कपट आहे हे न्यायालयाने मान्य केले, शिक्षणविषयक वटहुकूम रद्द ठरविला, आणि वाधवांस दहा हजार रुपये खर्च बिहार सरकारने द्यावा असा हुकूम केला. ग्रंथाच्या नावातील शब्द निकालात शिरला. अशी मानमान्यता फार थोड्या ग्रंथांच्या नशिबी येते.

परंतु त्या निकालात एक फट राहिली. विधिमंडळापुढे काम फार असल्यामुळे किंवा वेळ थोडा असल्यामुळे विधेयक आणता आले नाही, तर वटहुकूम पुन्हा काढणे कदाचित क्षम्य ठरेल, असे न्यायालय बोलून गेले. काम फार नाही असे कोणते सरकार कधी म्हणाले आहे?

येथवर आम्ही ग्रंथाची बाजू सांगितली. आता आमचा मतभेद सांगतो. तो प्रथम त्या ‘फ्रॉड’ शब्दाविषयी आहे. कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ मर्यादित आहे : जे सरळ वाटेने करण्यास मनाई आहे ते आडवाटेने करणे. त्या अर्थाने तो चोख आहे. परंतु सामान्य वाचक त्याचा अर्थ लबाडी असा घेतो, आणि लबाडी म्हटली की एक लबाड मनुष्य डोळ्यांपुढे येतो. वाधवांच्या तारखा मात्र निराळीच गोष्ट सांगतात. पंधरा वर्षांत इतकी मंत्रिमंडळे बदलली; ती सगळीच एकाच कटात सामील होती असे मानणे कठीण आहे. त्यांस घटना मोडावयाची नव्हती. विधेयक तयार करण्याचा, मांडण्याचा, त्यावर बोलून घेण्याचा त्रास चुकवावयाचा होता. ज्याला आम्ही आळस म्हणतो तो येथे कपटापेक्षा अधिक घातुक ठरला, कारण कपट करणारास निदान पकडले जाण्याची भीती असते. परिपत्रक धाडणारास ती मुळीच नव्हती. आपण नेमून दिलेले काम वेळेवर करीत आहो अशीच त्याची समजूत असली पाहिजे.

दुसरा मतभेद अधिक महत्त्वाचा आहे. ग्रंथाचा सारा रोख सरकारकडे आहे. आमच्या मते आरोपीच्या पिंजऱ्यात आणखी एकास उभे करावयास हवे होते, आणि तो म्हणजे खुद्द विधिमंडळ. नापसंतीचा एक ठराव, एवढे हत्यार घटनेने त्याच्या हाती ठेवले होते. ही माणसे दर वर्षी अधिवेशनास येत होती, भत्ते घेत होती, भाषणे करीत होती. आणि उसापासून विटांपर्यंत सर्व गोष्टींचे कायदे आपल्या पाठीमागे होत आहेत, ह्याचे त्यांस काही वाटले नाही. जो आज विरोधी बाकावर बसला तो उद्या मंत्री झाला आणि त्याने तेच परिपत्रक पुढे चालू ठेवले. ज्यांच्या नावाची ती पुण्याची संस्था आहे ते गोखले १९०२ साली कलकत्त्यास अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलावयास उभे राहिले तेव्हा त्या कौन्सिलात त्यांच्या मताने एक पै देखील इकडची तिकडे होणार नव्हती. तरी सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडून त्यांनी उत्तर मागितले. त्यांना अधिकार नव्हता, पण ते बोलले. पाटण्याच्या सभासदांना अधिकार होता. वाधवांनी आपल्या तारखांच्या शेजारी आणखी एक रकाना करून, त्या त्या अधिवेशनात ह्या वटहुकुमांविषयी कोण काय बोलले हे टिपले असते, तर तो बहुशः रिकामाच राहिला असता अशी आमची अटकळ आहे. आणि तो रिकामा रकाना पुस्तकातील सर्वांत बोलका ठरला असता.

न्यायालयावर सर्व भार टाकण्याचा परिणाम काय होतो हे पुढील हकीकतीवरून दिसते. निकालाला तीनच वर्षे होतात न होतात तोच, डिसेंबर १९८९ मध्ये, त्याच बिहारात, ४२९ संस्कृत शाळा सरकारने ताब्यात घेण्याचा वटहुकूम निघाला, आणि विधिमंडळाने कायदा न करता तोच क्रम १९९२ पर्यंत एकामागून एक वटहुकुमांनी चालविला गेला. मग वटहुकूम संपले. शाळांतील शिक्षक स्वतःस सरकारी नोकर समजू लागले होते. ते न्यायालयात गेले. २ जानेवारी २०१७ रोजी, म्हणजे पहिल्या वटहुकुमानंतर सत्तावीस वर्षांनी, सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले की, वटहुकूम विधिमंडळापुढे मांडणे हे ऐच्छिक नसून बंधनकारक आहे, पुन्हा पुन्हा काढणे हे घटनेशी कपट आहे, आणि असल्या वटहुकुमांतून शिक्षकांस कायमचा हक्क उत्पन्न होत नाही. दिलेले पगार परत घेऊ नयेत एवढी दया झाली. निकाल तत्त्वतः बिनचूक आहे. परंतु चूक केली कोणी आणि भोगली कोणी? ज्यांनी कागदांवर सह्या केल्या त्यांचे काही गेले नाही. ‘रामः रामौ रामाः’ शिकविणाऱ्या शिक्षकांची उमेदीची वर्षे गेली. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे हे दुसरे उत्तर. कायदा कोणी केला ह्याने फरक पडतो, आणि तो बहुधा ज्यास कायदा कळत नाही त्यास पडतो.

हा दोष बिहारचा म्हणून इतरांनी मान ताठ ठेवण्याचे कारण नाही. रोख्यांच्या व्यवहारासंबंधीचा वटहुकूम केंद्रात एका पक्षाच्या सरकारने २०१३ व २०१४ मध्ये मिळून तीनदा काढला. भूमिसंपादनाचा वटहुकूम त्यानंतर आलेल्या दुसऱ्या पक्षाच्या सरकारने ३१ डिसेंबर २०१४ पासून पाच महिन्यांत तीनदा काढला. ह्या दुसऱ्या प्रकरणात तर, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुटीत राज्यसभेचे सत्र समाप्त करण्यात आले आणि ३ एप्रिल २०१५ रोजी वटहुकूम पुन्हा निघाला. पाटण्याच्या परिपत्रकातील तो वाक्प्रयोग, अधिवेशन समाप्त करून घेणे, वाचकांस येथे आठवेल. केरळात २०२२ च्या ऑगस्टात राज्यपालांनी सह्या न केल्यामुळे अकरा वटहुकूम एकदम गतप्राण झाले, तेव्हा इतके वटहुकूम तेथे होते हे पुष्कळांस प्रथमच कळले.

ग्रंथाच्या लेखनशैलीविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. ती रुक्ष आहे. लेखक कोठे रागावत नाही, कोठे उपहास करीत नाही. एका वटहुकुमाची तारीख सांगून दुसऱ्याकडे वळतो. आरंभी आम्हांस हे कंटाळवाणे वाटले. पन्नास-साठ नोंदी वाचून झाल्यावर मात्र, हा मनुष्य कोठेच आवाज का चढवीत नाही ह्याचेच आश्चर्य वाटू लागले, आणि त्यानंतर तो कंटाळा गेला. सामान्य वाचकासाठी मात्र हे पुस्तक सुलभ नाही, आणि त्याचा संक्षिप्त मराठी अनुवाद व्हावा असे आम्हांस मनापासून वाटते. त्यात तक्ते थोडे कमी करून १९४९ ची घटना समितीतील चर्चा आणि २०१७ चा निकाल ह्यांची भर घालावी. पुनःप्रख्यापन हा जिभेस जड शब्द मात्र अनुवादकाने टाळावा. ‘पुन्हा काढणे’ हे पुरे आहे.

आणखी एक काम महाराष्ट्रातील तरुण अभ्यासकांपैकी कोणी हाती घेण्याजोगे आहे. महाराष्ट्र शासन राजपत्राचे १९६० पासूनचे अंक मोठ्या ग्रंथालयांतून उपलब्ध आहेत. एक कोरी वही, तारखांचे चार रकाने आणि वाधवांनी ठेवला नव्हता तो पाचवा रकाना, एवढ्या सामग्रीवर कामास आरंभ करता येईल.